नव्या अभ्यासक्रमासाठी शिक्षकांचा छोटा ऑनलाइन गट: सुरुवात मुलांच्या वहीपासून

दुसरीच्या वर्गात 'सत्तेचाळीस लिहा' म्हटलं की दोन-चार मुलं हमखास ७४ लिहितात. मी कित्येक वर्षं याला धांदरटपणा समजत आले. लाल शाईची फुली मारायची आणि पाच वेळा लिहायला लावायचं. हा धांदरटपणा नाही हे मला एका तमिळ माध्यमाच्या शिक्षिकेमुळे कळलं, आणि तोवर आमची प्रत्यक्ष भेट एकदाही झालेली नव्हती. रात्रीच्या ऑनलाइन बैठकीत त्या म्हणाल्या, "मॅडम, आमच्या मुलांमध्ये ही चूक मला फारशी दिसत नाही." मग त्यांनी संख्येचं नाव फोडून सांगितलं. नार्पदु म्हणजे चाळीस, एळु म्हणजे सात. त्यांच्या भाषेत चाळीस आधी येतो. आपल्या 'सत्तेचाळीस'मध्ये सात आधी कानावर पडतो. आमची मुलं ऐकलं त्या क्रमाने लिहीत होती आणि मी त्यासाठी त्यांना शिक्षा देत होते.

नव्या अभ्यासक्रमाबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं या प्रसंगात आलं. आराखडे आणि निष्पत्तींच्या, म्हणजे मुलाला काय यायला हवं त्याच्या, याद्या आपल्यापर्यंत पीडीएफमधून पोहोचतात. पण एकाच इयत्तेला शिकवणारे चार-सहा जण एकाच मुलाच्या वहीवर डोकं टेकवून बसले, तरच त्या यादीचं शिकवणं होतं. मुंबईत हे ऑनलाइनच शक्य आहे. बऱ्याच शाळांत एका इयत्तेची एकच तुकडी असते, त्यामुळे आपल्या वर्गाबद्दल बोलायला शाळेत दुसरं कुणी नसतं. एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं भरत असतील तर समोरच्या सत्रातले शिक्षक फक्त जिन्यात भेटतात, एक उतरताना आणि एक चढताना. आणि मुलुंडच्या शिक्षिकेने मालाडजवळच्या मालवणीतल्या शिक्षिकेला भेटायचं म्हटलं तर अर्धा दिवस प्रवासातच जातो.

असा गट कसा उभा करायचा आणि वर्षभर कसा चालवायचा, ते आता क्रमाने सांगते.

गट सहा जणांचा, जास्तीत जास्त सात

पहिल्या वर्षी मी चुकले ती इथेच. जे भेटतील त्यांना ग्रुपमध्ये घेतलं आणि आकडा ऐंशीच्या वर गेला. जून संपेपर्यंत तिथे पीडीएफचा ढीग साठला. दिवाळीनंतर फक्त सणांच्या शुभेच्छा उरल्या. त्या ग्रुपवर एका तरी मुलाच्या कामाबद्दल बोललो का, असं मी मागे जाऊन शोधलं. एकही संदेश सापडला नाही.

आता आम्ही सहा आहोत. तिघी एकाच इयत्तेला आणि मराठी माध्यमात शिकवतो. चौथ्या तीच इयत्ता दुसऱ्या माध्यमात शिकवतात. पाचवे सर पुढच्या इयत्तेला आहेत, आणि आमची मुलं त्यांच्याकडे पोहोचतात तेव्हा त्यांना नेमकं काय येत नसतं हे फक्त तेच सांगू शकतात. सहाव्या मागच्या इयत्तेच्या. पहिलीचा गट असेल तर ही जागा बालवाडीच्या ताईंना द्या. पायाभूत स्तर वयाच्या तिसऱ्या वर्षी सुरू होतो आणि दुसरीला संपतो. त्यातली पहिली तीन वर्षं त्यांच्या हातात असतात, तरी त्यांना कुणी विचारत नाही.

सकाळ आणि दुपार, दोन्ही सत्रांतले शिक्षक गटात हवेत. कारण पुढे येईल.

दुसऱ्या माध्यमाच्या शिक्षिकेला घ्यायला लोक कचरतात. 'भाषा वेगळी, आमचा काय उपयोग' असं त्याही म्हणतात. मुंबई महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत चालतात. इतकी माध्यमं हाताशी असताना आपण आपापल्या माध्यमात बंद होऊन बसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नियम तीनच ठेवा आणि ते ग्रुपच्या वर्णनात लिहून टाका. फॉरवर्ड चालणार नाही. बैठकीला येणाऱ्याने आपल्या मुलांचं काहीतरी काम घेऊन यायचं. कुणाच्याही वर्गाबद्दल इथे जे बोललं जाईल ते बाहेर जाणार नाही. मुख्याध्यापकांना सुरुवातीलाच सांगून ठेवा. परवानगीचा भाग आहेच, शिवाय उद्या टाचणवहीत (पाठाच्या आखणीच्या वहीत) नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं तर त्यांना त्यामागचं कारण आधीच ठाऊक असेल.

कागद मूळ ठिकाणाहून घ्या आणि वाटून वाचा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये आलं. त्यातून पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण शालेय शिक्षणाचा २०२३ मध्ये आला. राज्याचा आराखडा पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने केला. २०२५-२६ मध्ये पहिलीपासून नव्या अभ्यासक्रमाची सुरुवात झाली आणि बाकीच्या इयत्तांना तो टप्प्याटप्प्याने लागू करायचा ठरला. हे सगळं एकट्याने वाचायला घेतलं तर पन्नास पानांतच दम लागतो.

वाचण्याआधी कागद खरा आणि आजचा आहे ना, ते पाहा. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून शिकवण्याचं उदाहरण घ्या. १६ एप्रिल २०२५ ला शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही रद्द करत असल्याची घोषणा झाली. सगळं अडीच महिन्यांत. आमच्याकडच्या ग्रुपांमध्ये मात्र एप्रिलचाच कागद पुढे कितीतरी दिवस फिरत होता, आणि त्यावर विसंबून काहींनी वेळापत्रकं आखली होती. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकून मूळ प्रत उघडा. पाठ्यपुस्तकं आणि आराखडे बालभारती व परिषदेच्या संकेतस्थळांवरूनच घ्या. आख्खी पुस्तकं उतरवून ग्रुपमध्ये टाकण्यापेक्षा लिंक द्या. पुस्तकांवर बालभारतीचा हक्क असतो, शिवाय लिंक उघडणाऱ्याला दुरुस्त आवृत्ती मिळते.

नव्या कागदांची रचना एकदा समजली की भीती निम्मी होते. जुन्या पुस्तकांत अध्ययन निष्पत्तींना ०३.७१.०१ असे क्रमांक होते: आधी इयत्ता, मग विषय, मग निष्पत्ती. आता वरून खाली तीन पायऱ्या आहेत. ध्येय, त्याखाली क्षमता, त्याखाली अध्ययन निष्पत्ती. आपल्याला रोज लागते ती सगळ्यात खालची. पण ती कुठल्या क्षमतेतून आली हे ठाऊक नसेल तर आपण शिकवतो एक आणि तपासतो भलतंच.

सहा जणांत ध्येयं वाटून घ्या. प्रत्येकाने आपल्या वाट्याच्या भागासाठी चार रकान्यांचा तक्ता भरायचा. आमच्या तक्त्यातली एक ओळ नमुन्यादाखल देते. राष्ट्रीय आराखड्यातली क्षमता ८.५ इथे आधाराला घेतली आहे.

पहिला रकाना, कागदावरचं वाक्य: दशमान पद्धतीतली स्थानिक किंमत समजून ९९ पर्यंतच्या संख्या अंकांत मांडतो.

दुसरा, हे आलेलं मूल काय करताना दिसेल: सत्तेचाळीस काड्या दिल्या तर दहा-दहाचे चार गठ्ठे करेल. '४७ मधला ४ म्हणजे किती?' विचारलं तर चार गठ्ठे उचलून दाखवेल. नाव ऐकून ४७ लिहील, ७४ नाही.

तिसरा, आजवर आपण काय करत होतो: १ ते १०० रोज लिहून घेत होतो.

चौथा, मूल शिकलं याचा पुरावा: वहीचं पान, गठ्ठ्यांचा फोटो, मूल काय म्हणालं त्याचं एक वाक्य.

सगळं काम दुसऱ्या रकान्यात आहे. तिथे 'संकल्पना स्पष्ट होते', 'आकलन वाढते' असली वाक्यं दिसली की परत पाठवा. मूल हाताने किंवा तोंडाने काय करेल, तेच तिथे आलं पाहिजे. तिसरा रकाना भरायला जड जातो, कारण तिथे स्वतःशी खरं बोलावं लागतं. म्हणून तो आधी मी भरला आणि सगळ्यांना दाखवला.

फाइल एकाच जागी

व्हॉट्सॲप आठवण करून द्यायला वापरा, साठवायला नको. तिथे चढवलेली फाइल आठवड्याभरात बुडते आणि तिची चौथी प्रत कुणाकडे आहे ते कळत नाही. गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर करा. मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, आणि छायाचित्रं छोटी करून टाकली तर सहा जणांना ती वर्षभर पुरते. नियोजनाच्या फाइलमध्ये सहाही जणांना बदल करायची परवानगी द्या. गटाबाहेर कुणाला दाखवायची असेल तर फक्त पाहण्याची. एकाने जुनी ओळ चुकून पुसली म्हणून घाबरू नका, फाइलच्या आवृत्ती इतिहासात ती सापडते.

फाइलचं नाव इयत्ता, विषय, घटक, महिना या क्रमाने द्या: 'इ२ गणित दशक-एकक जुलै'. 'फायनल', 'नवीन फायनल' असली नावं टाळा.

मराठी टायपिंगचा घोळ सगळ्यांत जास्त वेळ खातो. आपल्यापैकी अनेकांची जुनी टाचणं कृती देव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत आहेत. ती फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडली की निरर्थक अक्षरं दिसतात, आणि त्यात शोधताही येत नाही. गटातलं सगळं युनिकोडमध्येच लिहायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. ज्यांना टाइप करणं जड जातं त्यांनी मोबाइलच्या कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलावं. अक्षरं बऱ्यापैकी उमटतात, मग दुरुस्त करायची. कार्यपत्रिका छापायची असेल तर मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी केलेला मुक्ता हा मोफत फॉन्ट चांगला आहे. पण छापण्याआधी 'ल' आणि 'श' नीट पाहा. भाषा हिंदी निवडलेली राहिली की अक्षरं हिंदी वळणाने येतात. आपण ते सहज वाचतो. नुकतं वाचायला लागलेलं मूल मात्र अडतं, कारण पुस्तकात त्याने मराठी वळणाचा ल पाहिलेला असतो.

नवं काही बनवण्याआधी दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर पाहा. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड तिथेच नेतात. तयार व्हिडिओ असताना तो पुन्हा बनवण्यात संध्याकाळ घालवू नका.

एक पाठ, दोन सत्रं, एकच दिवस

हा या लेखाचा गाभा आहे. जपानमधले शिक्षक फार पूर्वीपासून एक पद्धत वापरतात. काही जण मिळून एकच पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे पाहतात, मग सगळे मिळून पाठ सुधारतात आणि दुसरा कुणीतरी तो पुन्हा शिकवतो. आपल्याला एकमेकांच्या वर्गात जाऊन बसता येत नाही. पण मुंबईत दोन सत्रांच्या शाळा आहेत, आणि या पद्धतीला त्यासारखी सोय दुसरी नाही. सकाळी एका शाळेत घेतलेला पाठ त्याच दुपारी दुसऱ्या शाळेत सुधारून घेता येतो.

आम्ही दशक-एककाचा पाठ कसा केला ते सांगते.

पहिली बैठक गुरुवारी रात्री सव्वानऊला. घरचं जेवणखाण उरकल्यावर, पण झोप यायच्या आत. वेळ पंचेचाळीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. गूगल मीटच्या मोफत खात्यात तीन किंवा अधिक जण असले की बैठक साठ मिनिटांनी आपोआप थांबते, झूमची चाळीस मिनिटांनी. ही मर्यादा आम्हाला फायद्याची ठरली. प्रश्न एकच ठेवला: संख्येचं नाव ऐकून अंकांत लिहिताना मूल कुठे अडखळतं? बोलायला सुरुवात करण्याआधी प्रत्येकीने आपली मुलं काय-काय लिहितील ते फाइलमध्ये लिहून ठेवलं. हे अंदाज आधी लिहिणं फार महत्त्वाचं आहे, कारण नंतर 'मला हे ठाऊकच होतं' असं प्रत्येकाला वाटतं.

उदाहरणादाखल घ्यायच्या संख्या विचार करून निवडल्या. उलट-सुलट जोड्या: २५ आणि ५२, ४७ आणि ७४. मग 'एकोण'वाल्या: २९, ३९, ४९. एखादी शून्याची, ६०. यावर सगळ्यांत जास्त बोलणं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. संख्या सोप्या निवडल्या तर मुलांचं अडखळणं दिसतच नाही.

या चर्चेत बाकीच्या माध्यमांचाही विषय निघाला. हिंदी, गुजराती, उर्दूतही एकक आधी ऐकू येतो, म्हणजे तिथेही हीच अडचण. उर्दू माध्यमात त्यात भर पडते. ओळ उजवीकडून डावीकडे लिहायची आणि संख्या मात्र डावीकडून उजवीकडे. इंग्रजी माध्यमात अडचण वेगळीच: फिफ्टीन आणि फिफ्टी मुलांना सारखेच ऐकू येतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस 'वीस एक' असंही वाचायची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात भाषेचा अभिमान भरपूर होता, मुलांच्या कानाचा विचार थोडा. माझं मत सांगते. सत्तेचाळीस हा शब्द जायला नको, तो घरात आणि बाजारात रोज ऐकू येतो. पण तो शिकवताना 'चार दशक, सात एकक' हे त्याच्या जोडीने बोललं गेलं पाहिजे, आणि हातात गठ्ठे हवेत.

पाठ असा ठरला. आइस्क्रीमच्या काड्या, दहा-दहाच्या गठ्ठ्याला एक रबर. शिक्षिका 'सत्तेचाळीस' म्हणतील, मूल गठ्ठे आणि सुट्या काड्या मांडेल, 'चार दशक सात एकक' म्हणेल आणि मग लिहील. काड्या नसतील तर दहाच्या खेळण्यातल्या नोटा आणि एकची नाणी. बेस्ट बसचं साधं तिकीट २०२५ मध्ये किमान ५ रुपयांचं १० झालं, त्यामुळे दहाची नोट आमच्या मुलांना आता जास्तच ओळखीची आहे.

मंगळवारी सकाळच्या सत्रात मी पाठ घेतला. व्हिडिओ काढला नाही. वर्गात मोबाइल उभा केला की मुलांचं लक्ष त्याच्याकडे जातं आणि माझंही. तास संपताच पाच ओळी लिहिल्या आणि आठ वह्यांची पानं टिपली. मुलं नाव ऐकताच पेन्सिल उचलत होती, आधी ७४ लिहीत होती आणि नंतर लिहिलेल्याला जुळतील असे सात गठ्ठे मांडत होती. गठ्ठ्यांचा काहीच उपयोग झाला नव्हता. हे मी फाइलमध्ये टाकलं. दुपारच्या सत्रातल्या आमच्या मैत्रिणीने आपल्या तासिकेआधी ते वाचलं आणि एकच बदल केला. तिने पेन्सिली बाकाखालच्या डब्यात ठेवायला लावल्या. गठ्ठे मांडून झाल्यावर, बोलून झाल्यावरच पेन्सिल बाहेर. तिच्या वह्यांचे फोटो संध्याकाळी आले. उलट लिहिलेल्या संख्या माझ्या वर्गापेक्षा स्पष्टपणे कमी होत्या.

दोन वर्गांवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मलाही कळतं. पण माझ्या नोकरीत आखलेला पाठ त्याच दिवशी सुधारलेला मी पहिल्यांदा पाहिला.

वह्यांचे ढीग

दुसरी बैठक फक्त वह्यांसाठी. फोटो एकेक उघडायचे आणि चुकांचे ढीग करायचे. 'बरोबर-चूक' असे दोनच ढीग करू नका. आम्हाला सत्तेचाळीसच्या चार तऱ्हा सापडल्या आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा निघाला.

७४ लिहिणारं मूल कानाच्या क्रमाने लिहितं. त्याला काही दिवस गठ्ठे आधी, लेखणी नंतर.

४०७ लिहिणाऱ्याला चाळीस आणि सात दोन्ही नीट ऐकू आलेत. उलट तो पुढे गेलाय, फक्त जागा वाचवायची रीत त्याला माहीत नाही. ४० लिहिलेल्या पत्त्यावर (कार्डावर) ७ चा पत्ता शून्य झाकेल असा ठेवून दाखवला की हे मूल पटकन सावरतं. याला ७४ वाल्यांबरोबर बसवलं तर त्याचा वेळ फुकट जातो.

३७ लिहिणाऱ्याला सदतीस आणि सत्तेचाळीस हे शब्दच वेगळे ओळखता येत नाहीत. ही गणिताची अडचण नाही, शब्दाची आहे. आमच्या वर्गांत घरी भोजपुरी, बंगाली, तेलुगू बोलणारी मुलं मराठी माध्यमात बसलेली असतात. त्यांच्यासाठी लिहिणं बंद, संख्या ऐकून गठ्ठे उचलायचा खेळ सुरू.

चौथी तऱ्हा वही कोरी ठेवणाऱ्यांची. त्यांच्याजवळ बसावं लागतं, फोटोवरून काही कळत नाही.

'एकोणपन्नास'चं ५९ करणारी मुलं सगळ्याच वर्गांत निघाली. 'एकोण'मधला 'ऊन' म्हणजे कमी, पन्नासाला एक कमी. हे संख्यारेषेवर पन्नासवर उभं राहून एक पाऊल मागे घेत सांगितलं की मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात. नव्व्याण्णवला हा नियम लागत नाही, तेही त्यांना सांगून टाका. अपवाद लपवला की मुलांचा आपल्यावरचा विश्वास उडतो.

आपसांत कसं बोलायचं

तांत्रिक अडचणींपेक्षा ही मोठी. आपल्याकडे सेवाज्येष्ठता फार जपली जाते. पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाईंच्या पाठात काय राहून गेलं, हे चौथ्या वर्षातली शिक्षिका बोलत नाही. बोललीच तर 'खूप छान पाठ, मॅडम' आणि हात जोडल्याचं चिन्ह. अशा कौतुकाने कुणाचंच भलं होत नाही.

आम्हाला तीन गोष्टींचा उपयोग झाला. पाठ कुणीही घेतला तरी त्याला 'आपला पाठ' म्हणायचं. वह्यांबद्दल आधी बोलायचं, शिकवण्याबद्दल नंतर: 'या मुलाने इथे असं का लिहिलं असेल?' या प्रश्नात कुणाचा अपमान नाही. आणि बोलण्याचा क्रम उलटा, सगळ्यांत नव्या शिक्षिकेने आधी, ज्येष्ठांनी शेवटी. ज्येष्ठांचं मत आधी आलं की बाकीच्या त्याला दुजोरा देतात.

कुणी महिनाभर गप्प राहिलं तर ग्रुपवर टोकू नका, फोन करा. बहुतेक वेळा निवडणुकीच्या याद्यांचं काम गळ्यात पडलेलं असतं किंवा घरी आजारपण असतं. त्या महिन्यात त्यांनी फक्त वह्यांचे फोटो पाठवले तरी चालतं.

मुलांची ओळख गटाबाहेर जाता कामा नये

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती ही मूळ अट आहे. पहिल्या पालकसभेत साध्या मराठीत सांगा की तुमच्या मुलाच्या वहीचं पान, नाव झाकून, इतर शिक्षकांबरोबर अभ्यासासाठी पाहिलं जाईल. लेखी संमती घ्या, आणि एखाद्या पालकांनी नको म्हटलं तर ते मनापासून माना.

फोटो काढताना नावावर कागदाची पट्टी ठेवा. चेहरा नको, हजेरी क्रमांक नको, आधार किंवा जातीची नोंद असलेलं कुठलंही पान नको. फोटो थेट ड्राइव्हवर चढवा. व्हॉट्सॲपवर टाकले तर ते सहा घरांतल्या मोबाइलच्या गॅलरीत जाऊन बसतात आणि तो मोबाइल घरातली मुलंही हाताळतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून कार्यपत्रिकेचा कच्चा मसुदा घ्यायला हरकत नाही, पण मुलांच्या वह्या किंवा नोंदी तिथे टाकू नका. आणि आलेली मराठी ओळ न् ओळ वाचा. अशा मसुद्यात 'हातचा' हा साधा शब्द चुकीच्या जागी बसलेला मी पाहिला आहे.

नोंदी एकसारख्या, पण उसन्या नकोत

नव्या पद्धतीत समग्र प्रगती पत्रकावर भर आहे, म्हणजे वर्णनात्मक नोंदींचं महत्त्व वाढणार. आजवर आपल्यापैकी अनेकांनी तयार नोंदींची पीडीएफ उघडून त्यातल्या ओळी उतरवल्या आहेत. मीही उतरवल्या आहेत. चाळीस मुलं आणि सत्र संपायला दोन दिवस, अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. पण 'गणितात रुची दाखवतो' या ओळीतून पुढच्या शिक्षकाला काय कळणार?

गटात हा एक सराव करा. तीन वह्या निवडा. सहाही जणांनी एकमेकांना न विचारता त्यांवर प्रत्येकी एक नोंद लिहायची, मग सगळ्या शेजारी-शेजारी ठेवायच्या. आमच्याकडे एकाच वहीवर 'उत्तम' आणि 'मदतीची गरज' अशा दोन्ही नोंदी आल्या. कारण निघालं तेव्हा एकीने उत्तर पाहिलं होतं, दुसरीने खोडलेलं. त्यावर बोलता बोलता नोंदीची रीत ठरली: मुलाला काय येतं, कुठे अडतं, कुठल्या मदतीने पुढे जातं. उदाहरणार्थ, 'गठ्ठे मांडून दोन अंकी संख्या बरोबर लिहिते. फक्त ऐकून लिहिताना एकक आधी लिहिते. "आधी दशक सांग" म्हटलं की स्वतः दुरुस्त करते.' अशा नोंदीला दोन मिनिटं जास्त लागतात. ती आठवड्याला पाच मुलांची लिहीत गेलात तर सत्राअखेर रात्री जागवाव्या लागत नाहीत.

वर्षात चारच पाठ

जूनच्या मध्याला शाळा उघडते. पहिले पंधरा दिवस प्रवेश, पुस्तकं, गणवेशात जातात, तेव्हा फक्त तक्ता वाटून घ्या. पहिला पाठ जुलैत. मुसळधार पावसाची सुट्टी गृहीत धरून एक तारीख राखीव ठेवा. दुसरा पाठ गणपतीनंतर, तिसरा दिवाळीची सुट्टी संपून घडी बसल्यावर, चौथा जानेवारीत. मार्चमध्ये काही ठरवू नका. चार कमी वाटतील, पण दर महिन्याला एक करायचा प्रयत्न आम्ही केला तेव्हा ऑक्टोबरमध्ये सगळ्या थकल्या होत्या. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत बोलायची संधी मिळाली तर यातल्या एका पाठाच्या वह्या दाखवा, आधीच्या आणि नंतरच्या.

एप्रिलमध्ये गटाची शेवटची बैठक पुढच्या इयत्तेच्या सरांसाठी असते. दुसरीनंतर तिसरी, म्हणजे मूल पायाभूत स्तरातून पूर्वतयारी स्तरात जातं. पालकांनी होकार दिलेले फोटो सरांना दाखवायचे आणि मग सगळ्यांनी आपापल्या ड्राइव्हवरून ते पुसून टाकायचे. फोल्डर ज्यांच्या खात्यावर आहे त्यांची बदली होणार असेल तर त्याची मालकी त्याच दिवशी दुसऱ्या सदस्याच्या नावे करायची. गेल्या बैठकीत सरांनी एका मुलीची नोंद वाचली आणि विचारलं, "ही १०७ कसं लिहिते?" मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बोलावून लिहायला सांगितलं. तिने १००७ लिहिलं. पत्ते पुन्हा बाहेर काढले. या वेळी शंभराचाही एक पत्ता करावा लागला.